चार नंबरवरचा शेवटचा माणूस

६ फेब्रुवारी

मॅडमनी अखेर हो म्हटलं. वर्षभर त्यांच्या मागे लागलो होतो. मीटिंगमध्ये म्हणाल्या, "करा एकदाचं. पण एकही विद्यार्थी धड्यातून मध्येच बाहेर फेकला गेला, तर मी तुम्हाला बाहेर फेकेन." सगळे हसले. मीही हसलो. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

म्हणून आजपासून इथे लिहायचं ठरवलंय. ऑफिसातही नोंद ठेवावी लागेल, पण तिथे काय केलं तेवढंच लिहायचं असतं. काय वाटलं याला तिथे रकाना नाही.

काम काय आहे ते आधी स्वतःलाच साध्या भाषेत सांगून बघतो, म्हणजे वरच्या लोकांसमोर त-त-प-प होणार नाही. आमच्या साइटवर लोक घरबसल्या धडे घेतात. वेल्डिंग, शिवणकाम, हिशेब, कृत्रिम दात बनवणं, काय वाट्टेल ते. लोकांना साइट एकच दिसते, पण मागे सहा सर्व्हर आहेत. पुढे वाटणी करणारा एक प्रोग्रॅम बसवलाय, त्याला आम्ही दारवान म्हणतो. माणूस आला की दारवान त्याला सहांपैकी एकाकडे धाडतो. तो सर्व्हर मग या माणसाची ओळख, त्याचा धडा, तो धड्यात कुठवर आला, हे सगळं ध्यानात ठेवतो. याला म्हणायचं सेशन. घोडं अडतं ते इथेच, कारण हे ध्यानात असतं फक्त त्या एकाच सर्व्हरच्या. म्हणून तीन नंबरच्या माणसाला दर वेळी तीन नंबरकडेच पाठवावं लागतं. आणि तीन नंबर आडवा झाला की त्याची सगळी माणसं रस्त्यावर.

आता सगळ्यांची आठवण एका सामायिक कोठारात ठेवायची. मग कुठलाही सर्व्हर कुणालाही ओळखेल. कोठार तयार आहे. जुने सर्व्हर एकेक करून रिकामे करायचे, नव्या पद्धतीने उभे करायचे. रिकामे करायचे म्हणजे कुणाला हाकलायचं नाही. नवा माणूस तिकडे पाठवायचा नाही आणि आत आहेत त्यांना त्यांच्या मर्जीने उठू द्यायचं. शेवटचा उठला की सर्व्हर बंद करायचा.

घरी येऊन कवळीवालीला फोन लावला. उचलला नाही. कामावर असणार. कवळीवाली म्हणजे माझी बायको. दातांच्या लॅबमध्ये काम करते, कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवते. लग्न ठरलं तेव्हा मी गमतीने ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. नोव्हेंबरात ती दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये रुजू झाली. तिथे दात कॉम्प्युटरवर आखतात. ते ती शिकली आमच्याच साइटवर, मी घरी आणून दिलेल्या फुकट पासवर. याला म्हणतात आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेणं.

९ फेब्रुवारी

तिचा फोन आला. तिच्या लॅबचे क्वार्टर आहेत, एका खोलीचे आणि दोन खोल्यांचे. आतापर्यंत ती एका सहकारणीबरोबर राहत होती, आता तिला स्वतःचं मिळणार आहे. कुठलं हवं ते महिना संपायच्या आत ऑफिसला सांगायचं.

"एकटी असले तर एक खोली. दोघं असलो तर दोन," ती म्हणाली. "मग काय सांगू?"

"हे काम संपू दे ना."

"काम काय, इथूनही करता येईल असं तूच म्हणाला होतास."

"येईल ना. पण हे हलवाहलवीचं चालू असताना नको."

"तुझ्या लोकांना म्हणे आता कुठलाही सर्व्हर चालणार. तुलाच बरा एक नंबर धरून बसायला लागतो."

मी हसलो. तिला म्हटलं, महिना संपायच्या आत सांगतो. ती म्हणाली, "सांग हं. ती ऑफिसवाली बाई कडक आहे."

इथे खोटं लिहून काय उपयोग? काम हे अर्धंच कारण आहे. तिकडे तिचं सगळं नवं आहे. रस्ते, दुकानं, मैत्रिणी. फोनवर ती ज्यांची नावं घेते त्यातलं मला कोणी माहीत नाही. तिथे गेलो की मी कोण? कवळीवालीचा नवरा. इथे निदान माझी खुर्ची आहे, माझा जिना आहे, खालच्या दुकानदाराला मी कोणता साबण वापरतो ते ठाऊक आहे. पंचेचाळिशीला आलेल्या माणसाने हे कुणाला सांगायचं?

१३ फेब्रुवारी

एक नंबर रिकामा झाला! सकाळी दारवानाला सांगितलं, इकडे आता नवीन कोणी नको. मग नुसतं बघत बसायचं. आकडा उतरत गेला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्मे उरले, दुपारच्या चहाला मूठभर. शेवटी दोघे जण रेंगाळले, मग तेही गेले. मी बटण दाबलं. कुठेही काही झालं नाही, एक तक्रार आली नाही.

दाढी आमचा डेटाबेस सांभाळतो. त्याच्यात दाढी सोडून वर्णन करण्यासारखं काही नाही, असं तो स्वतःच म्हणतो. आज म्हणाला, "आपल्या धंद्यात चांगलं काम केलं की कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यापेक्षा स्वयंपाक बरा. निदान मीठ कमी पडलंय म्हणून तरी कोणी हाक मारतं."

संध्याकाळी कवळीवालीला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, चांगलं झालं म्हणाली. मग विचारलं, "जेवलास का?" हा प्रश्न ती पूर्वी कधीच विचारायची नाही, कारण आम्ही एकत्रच जेवायचो. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तेवढंच डोक्यात राहिलं.

१६ फेब्रुवारी

आज सणाची सुट्टी. घर खायला उठतं.

तिच्या टेबलाला हात लावलेला नाही. प्लॅस्टरचा एक जबडा अजून तिथेच आहे, वरच्या ओळीत एक दात कमी. रंग जुळवायच्या दातांची पट्टी आहे, पांढऱ्याच्या सोळा तऱ्हा. तिचा जुना लॅपटॉपही आहे. नव्या लॅबने तिला नवा दिला. निघायच्या गडबडीत म्हणाली होती, "तो बंद करू नकोस रे, एक धडा अर्धवट राहिलाय. आले की पुरा करीन." तेव्हापासून तो तसाच उघडा आहे, चार्जरला लावलेला. पडदा काळा, बाजूला एक हिरवा दिवा. अधूनमधून त्याचा पंखा घरघरतो, तेवढीच घरात जाग. मी त्याच्या कडेकडेने फडकं फिरवतो.

ती माझ्या दातांकडे बघून लोकांचे दात आखायची. जेवताना मध्येच म्हणायची, "थांब, हसू नकोस, तसाच राहा." मग मला हसू आवरायचं नाही. आता जेवताना कोणी माझ्या तोंडाकडे बघत नाही. मला तिची फार आठवण येते. लिहून टाकलं.

२० फेब्रुवारी

दोन, तीन, पाच आणि सहा झाले. चार राहिलाय. चार नंबर आमच्याकडचा सगळ्यात म्हातारा, पण कधी बंद पडला नाही, म्हणून माझा लाडका. परवा सकाळी त्याचं दार बंद केलं. काल दुपारपर्यंत सगळे उठून गेले. एक सोडून.

तो एक जण उठतच नाही.

धडा मध्येच थांबवून माणूस जागेवरून उठला तरी त्याची जागा जाऊ नये, म्हणून थांबलेला धडा थोड्या थोड्या वेळाने सर्व्हरला "मी आहे" असं कळवत असतो. तोवर सर्व्हर त्याला विसरत नाही. अर्धा तास काही कळवलं नाही, तरच सेशन संपतं. ही सोय मीच भांडून करून घेतली होती, कवळीवालीपायी. ती दूध बघायला उठायची, दारात कोणाशी बोलत बसायची आणि परत येईपर्यंत साइट तिला विसरलेली असायची. मग सगळा राग माझ्यावर निघायचा.

तर या चार नंबरवाल्याचा धडा कळवत राहतो, मी आहे, मी आहे. पण पुढे सरकत नाही.

दाढी म्हणाला, "कोणीतरी उघडं टाकून गेलंय. उडवून टाक."

"आणि तो परत आला तर?"

"तर पुन्हा लॉगिन करेल. जीव जाणार आहे का त्याचा?"

"उचलून कोठारात नेता आलं असतं तर प्रश्नच नव्हता," मी म्हटलं. "पण जुन्या पद्धतीचं सेशन उचलता येत नाही. तो स्वतः उठला तरच."

"मग बस त्याच्या उशाशी," दाढी म्हणाला आणि चहाला गेला.

आम्ही लोकांना शब्द दिलाय, तुमची जागा हलणार नाही. शब्द म्हणजे शब्द.

२२ फेब्रुवारी

आज दुपारी काळजाचा ठोका चुकला. चार नंबरवाल्याचा निरोप यायचा थांबला. मी खुर्चीतून उठलोच. दाढी म्हणाला, "सुटलास एकदाचा." मला मात्र सुटल्यासारखं वाटेना. अर्धा तास भरायला थोडा वेळ उरला होता आणि तेवढ्यात पुन्हा आला. मी आहे. जीव भांड्यात पडला. दाढी माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तुला बरं नाहीये."

घरी आलो तर भिंतीवरचं विजेचं घड्याळ लुकलुकत होतं. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, दुपारी लाइट गेली होती, थोड्या वेळाने आली. फ्रिजमधलं दूध बघून घ्या. दूध चांगलं होतं. घड्याळ लावलं, जेवलो, झोपतोय.

२४ फेब्रुवारी

आताशा ऑफिसात शिरलो की आधी चार नंबर बघतो. त्याच्याबद्दल विचार करायची सवय लागलीये. कोण असेल? मला वाटतं, एखादा वयस्कर माणूस असेल. नोकरी गेली असेल, नवं काही शिकायला घेतलं असेल आणि एका अवघड जागी येऊन थांबला असेल. पुढे जायची हिंमत होत नाही आणि बंद करायलाही मन घेत नाही. असा माणूस मला कळतो. मी त्याला घाई करणार नाही.

ताईचा फोन आला होता. ताई माझी थोरली बहीण, तिच्यासमोर मी अजून शाळकरी आहे. तिने सरळच विचारलं, "जाणार आहेस का नाही?"

"जाणार आहे गं. काम आटपलं की."

"ती मला काय म्हणाली माहितीये? म्हणाली, ताई, तो नाही म्हणत नाही, हेच तर अवघड आहे. नाही म्हणाला असता तर मी दोन दिवस रडले असते आणि कामाला लागले असते."

"ती असं म्हणाली?"

"अरे गाढवा, तिने तुला खोल्या मोजायला सांगितलं नव्हतं. ती तुला विचारत होती."

ताईचं नेहमीचंच आहे, राईचा पर्वत करते. कवळीवालीला काही म्हणायचं असतं तर ती मला म्हणाली असती. आमच्यात तसं आडपडद्याचं काही नाही.

२६ फेब्रुवारी

मॅडमनी बोलावलं. "पाच सर्व्हर झाले, एकच अडकलाय, कारण काय?"

मी सांगितलं.

"एका माणसासाठी?" त्यांनी चष्मा काढला. "बरं, त्याचं नाव काढा. मी परवानगी देते. फोन करा, सांगा बाबा ऊठ."

खरं म्हणजे हे सगळ्यात सोपं होतं. लोक काय शिकतात ते त्यांचं खासगी, म्हणून नावं आम्ही एरवी बघत नाही, पण मॅडमच परवानगी देत होत्या. तरी मी म्हटलं, "नको मॅडम. कुणाच्या घरात डोकावल्यासारखं होईल. मला महिना संपेपर्यंत, फार तर दोन मार्चपर्यंत वेळ द्या. उठला तर ठीक, नाहीतर मी स्वतः बंद करतो."

मॅडमनी चष्मा परत चढवला. "घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं. हा प्रश्न त्यांना का सुचला कोण जाणे.

२७ फेब्रुवारी

ऑफिसातून बाहेर पडत होतो तेव्हा तिचा फोन आला. रस्त्यावरच बोललो.

"उद्या शेवटचा दिवस," ती म्हणाली. "काय सांगू त्यांना?"

"दोन दिवस थांबायला सांग ना. दोन तारखेला माझं सगळं मोकळं होतंय. एक जण राहिलाय फक्त."

"कोण राहिलाय?"

"माहीत नाही."

मागे तिच्याकडच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता आणि माझ्याकडे माझ्या रस्त्यावरच्या.

"म्हणजे तू कोणासाठी थांबलायस ते तुलाच माहीत नाही."

"नाही ना. पण त्याला असं मध्येच..."

"बरं," ती म्हणाली. "काळजी घे."

समजूतदार आहे. दुसरी असती तर आदळआपट केली असती. दोन दिवसांनी काय फरक पडणार आहे? ऑफिसं कधी सांगितलेल्या तारखेला चालतात? दोन तारखेला तिला फोन करून सांगेन, दोन खोल्या घे. ठरलं. लिहिल्यावर बरं वाटलं.

२८ फेब्रुवारी

तिचा फोन नाही. चार नंबरवाला आहे.

२ मार्च

सकाळपासून डोकं जड, नाक वाहतंय. घरूनच काम करतो असं कळवलं आणि मग लक्षात आलं की माझा चार्जर ऑफिसातच राहिलाय. तिच्या लॅपटॉपचा काढून घेतला. चालतो हे बरं झालं.

दुपारी: गेला!

जेवण उरकून बसलो तर चार नंबरवर शून्य. मी दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा दाढीला तपासायला लावलं. शेवटचा निरोप सकाळी आला होता, त्यानंतर काही नाही. अर्धा तास उलटून गेला आणि सर्व्हरने त्याला सोडून दिलं. शेवटच्या दिवशी आपण होऊन उठला बिचारा, माझी लाज राखली. मॅडमना कळवलं. त्यांनी लगेच उत्तर पाठवलं, "शाबास. आता सर्दी बरी करा." मी चार नंबर बंद केला. सहाच्या सहा झाले. एकही माणूस बाहेर फेकला गेला नाही.

कवळीवालीला फोन केला. कामावर असणार.

संध्याकाळी: पुन्हा लिहायला बसलो.

काम झालं म्हणून तिचा चार्जर परत जागेवर लावला. बघतो तर तिचा लॅपटॉप बंद पडलेला. त्याची बॅटरी जुनी आहे, जेमतेम अर्धा तास टिकते, सकाळी चार्जर काढल्यावर दम तोडला असणार. वाईट वाटलं, बंद करू नकोस म्हणाली होती. चालू केला. त्याने शहाण्यासारखं पूर्वीचं पान आपणहून परत उघडलं. आमची साइट. मध्ये चौकट. तुमचे सेशन संपले आहे, कृपया पुन्हा लॉगिन करा.

ते वाक्य मीच लिहिलेलं आहे.

आधी मला काहीच कळलं नाही. मग त्या दिवशी दुपारी गेलेली लाइट आठवली, लुकलुकणारं घड्याळ आठवलं; लाइटबरोबर घरचं इंटरनेट गेलं होतं, म्हणून निरोप थांबला होता. तिच्या खुर्चीत बसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसलो. थोडा वेळ हसलो सुद्धा. वयस्कर माणूस, नोकरी गेलेला! मी रोज सकाळी ज्याची खबर घेत होतो, ज्याच्यासाठी मॅडमशी वाद घातला, तो माझ्याच घरातला एक उघडा लॅपटॉप. समोर माणूस कोणी नव्हताच.

तिने विचारलं होतं, कोण राहिलाय? मी तिच्या रिकाम्या खुर्चीची वाट बघत होतो आणि ती तिकडे माझी. आणि तिला मी सांगितलं, थांब, माहीत नसलेल्या माणसाचं आधी होऊ दे. यावर ती 'बरं' म्हणाली आणि मी इथे लिहून ठेवलं, समजूतदार आहे.

पुन्हा फोन केला. तिने उचलला नाही.

४ मार्च

आज उचलला.

"एक खोली घेतली," मी काही बोलायच्या आत ती म्हणाली. "अठ्ठावीसला संध्याकाळपर्यंत थांबले. ती बाई टेबल आवरायला लागली तरी थांबले. म्हटलं, करेल फोन. शेवटी ती म्हणाली, बाई, मला घरी जायचंय. मग केली सही."

मी तिला सगळं सांगितलं. चार नंबर, चार्जर, चौकट. सांगताना माझा आवाज विचित्र येत होता. ती हसायला लागली. खूप हसली, थांबेचना, आणि कधीतरी ते हसणं राहिलं नाही. मी फोन कानाला लावून उभा होतो.

"धडा कुठला होता?" नाक पुसत तिने विचारलं.

"बघितला नाही."

"नाहीच बघायचास तू."

हे मला फार लागलं. तिथे कोण आहे, हे बघायची परवानगी मला मिळाली होती. मीच नको म्हटलं होतं. हे तिला सांगायचं धाडस झालं नाही.

"मी येऊ?" मी विचारलं.

"ये."

"म्हणजे राहायला."

"पाहुणा म्हणून ये आधी. एकच खोली आहे." मग जरा थांबून म्हणाली, "आणि परतीचं तिकीट काढून ये. म्हणजे तू कधी जाणार ते मला माहीत असेल. या वेळी मला अंदाज बांधत बसायचं नाहीये."

मी बरं म्हटलं. स्वतःच्या बायकोकडे जायला परतीचं तिकीट काढलं. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, परतीचं नक्की का? नक्की, मी म्हटलं. मॅडमना सुट्टी मागितली तर त्यांनी कारणही विचारलं नाही.

९ मार्च

तिच्या खोलीत बसून लिहितोय. परवा आलो.

खोली लहान आहे, पण उजेड भरपूर. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. खिडकीत दातांच्या रंगांची नवी पट्टी आहे, माझ्याकडे आहे तिच्यापेक्षा लांब. पांढऱ्याच्या आणखी तऱ्हा इथे निघाल्या असाव्यात. कपही एकच. सकाळी तिने तिचा चहा घेतला, कप विसळला आणि त्यातच मला ओतून दिला. माझ्यासाठी तिने सहकारणीकडून गादी आणली, मी जमिनीवर झोपतो. पहिल्या दिवशी दोघंही फार जपून बोलत होतो. तिने मला टॉवेल कुठे आहे ते सांगितलं आणि मी आभार मानले. वीस वर्षांत मी तिचे टॉवेलसाठी कधी आभार मानले नव्हते.

काल संध्याकाळी ती मला तिच्या वाटेने फिरवून आणायला घेऊन गेली. ही भाजीवाली, हा औषधवाला, ही लॅब. मी यातलं एकेक विचारत होतो. लॅबमध्ये तुझी जागा कुठली, खिडकी कुठल्या बाजूला, अवघड दात कुठला. ती आधी थोडक्यात सांगत होती, मग हातवारे करून सांगायला लागली. आणि तो धडा कुठला होता, तेही विचारलं. सुळ्याचं टोक किती बोथट ठेवायचं, त्याचा होता. वय वाढलेल्या माणसाचा सुळा नव्यासारखा टोकदार केला तर तो खोटा दिसतो. थोडा झिजलेलाच करावा लागतो, ती म्हणाली. ते ती पुढे इथे येऊन शिकली.

परत येताना तिची एक लॅबवाली भेटली. माझ्याकडे बघून म्हणाली, "हे कोण?"

"पाहुणे आहेत," कवळीवाली म्हणाली.

इथे मला कुणी कवळीवालीचा नवरा म्हणेल, याची मला महिनाभर धास्ती होती. काल तसं कोणी म्हणालं असतं तर मी भर रस्त्यात त्याच्या पाया पडलो असतो. कोणी म्हणालं नाही. आम्ही जिना चढून वर आलो. जेवताना तिने एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, निरखून, पूर्वीसारखं. मी हसू आवरून तसाच राहिलो. मग ती ताटाकडे बघून जेवायला लागली.

आज सकाळी ती लवकर उठली. मी गादी गुंडाळली, पिशवी भरून दाराशी ठेवली. आज परत जायचं. तिकीट दुपारचं आहे. वेळ तिला माहीत आहे, आल्या आल्या तिने तेच विचारून घेतलं होतं. ती दाराजवळ पाठमोरी बसून बूट घालत होती. लेसची गाठ बसत नव्हती, तिने ती सोडून पुन्हा बांधली. मी म्हटलं, किल्ली कुठे ठेवून जाऊ? दुसऱ्या बुटाची लेस बांधता बांधता, मागे न बघता तिने विचारलं, "संध्याकाळी असशील ना?"

मी म्हटलं, असेन.